सातव्या क्रमांकावरून अजिंक्यपद : २०१६ सालची ऑस्ट्रेलियन फुटबॉलची बाद फेरी

१ ऑक्टोबर २०१६ रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर ९९,९८१ प्रेक्षकांच्या उपस्थितीत वेस्टर्न बुलडॉग्ज या संघाने सिडनी स्वान्सचा ८९ विरुद्ध ६७ असा २२ गुणांनी पराभव केला आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे अजिंक्यपद पटकावले. या क्लबचे तोवरचे एकमेव विजेतेपद १९५४ सालचे होते. साखळी सामने संपले तेव्हा बुलडॉग्ज गुणतक्त्यात सातव्या स्थानी होते आणि सातव्या स्थानावरून अजिंक्यपदापर्यंत त्यापूर्वी कोणताही संघ पोहोचलेला नव्हता. या विजयाला बहुतेकजण चमत्कार म्हणतात, पण त्या शब्दाने फारसे काही कळत नाही. बाद फेरीची रचना कशी आहे, त्या वर्षीचा गुणतक्ता प्रत्यक्षात काय सांगत होता आणि मध्येच आलेल्या एका रिकाम्या आठवड्याने काय घडवले, हे क्रमाने पाहिले तर हा विजय समजतो, आणि माझ्या मते आहे त्याहून मोठाही वाटू लागतो.

आधी खेळाविषयी थोडे. १८५८ साली टॉम विल्स या नामवंत क्रिकेटपटूने हिवाळ्यात क्रिकेटपटूंची तब्येत सुटू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा असे जाहीर पत्र लिहिले आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये या खेळाचे पहिले नियम कागदावर उतरले. क्रिकेटच्या लंबवर्तुळाकार मैदानांवरच तो वाढला, त्यामुळे आपण ज्या मैदानावर बॉक्सिंग डे कसोटी पाहतो त्याच मैदानावर सप्टेंबरमध्ये हा फुटबॉल रंगतो. मैदानात प्रत्येक बाजूचे अठरा खेळाडू असतात, चेंडू लांबट असतो, तो पायाने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून पुढे द्यायचा असतो. फेकता येत नाही. पंधरा मीटर किंवा त्याहून लांबून आलेला चेंडू वरच्यावर झेलला तर झेलणाऱ्याला अडथळ्याविना पुढची किक मारण्याचा हक्क मिळतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला दर पंधरा मीटरला तो जमिनीवर टेकवावा किंवा आपटावा लागतो. ऑफसाइडचा नियमच नसल्यामुळे खेळाडू मैदानभर कुठेही असू शकतात, आणि वीस मिनिटांच्या चार सत्रांत वाया गेलेला वेळ मिळवला जात असल्याने प्रत्येक सत्र अर्ध्या तासापर्यंत लांबते.

मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू कुणाचा स्पर्श न होता गेला तर तो गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या खांबांच्या जागेतून गेला, मधल्या उंच खांबाला लागला किंवा मधून जाताना कुणाचा हात लागला तर त्याला बिहाइंड म्हणतात आणि त्याचा एकच गुण मिळतो. म्हणून धावफलकावर १३.११ (८९) असे लिहिलेले असते: तेरा गोलांचे ७८ आणि अकरा बिहाइंडचे ११, एकूण ८९. ही लेखनपद्धत लक्षात ठेवावी, कारण २०१६ च्या बाद फेरीतले दोन सामने तिच्याशिवाय पुरते कळत नाहीत.

आता रचनेकडे. लीगमध्ये अठरा संघ असतात आणि २०१६ साली प्रत्येक संघाने बावीस साखळी सामने खेळले. विजयाला चार गुण, बरोबरीला दोन. गुण समान झाले तर टक्केवारी पाहतात, म्हणजे संपूर्ण हंगामात संघाने केलेले गुण भागिले त्याच्याविरुद्ध झालेले गुण, गुणिले शंभर. तेव्हा पहिले आठ संघ बाद फेरीत जात, पण तिथे सगळ्यांना सारखी वागणूक मिळत नसे, आणि या स्पर्धेची खरी गंमत त्यातच आहे.

मराठी वाचकाला याचे मूळ रूप आयपीएलमुळे चांगले परिचयाचे आहे. पहिल्या दोन संघांची लढत, हरणाऱ्याला आणखी एक संधी, तिसऱ्या-चौथ्या संघांची एलिमिनेटर आणि मग दुसरा क्वालिफायर, ही पद्धत आयपीएलने २०११ पासून स्वीकारली. तिला पेज पद्धत म्हणतात, आणि ती घडली मेलबर्नमध्ये, याच फुटबॉल स्पर्धेच्या पूर्वसुरी असलेल्या व्हिक्टोरियन लीगमध्ये, १९३१ साली. केन मॅकिंटायर यांनी ती आखली आणि रिचमंड क्लबचे पदाधिकारी पर्सी पेज यांच्या नावाने ती रूढ झाली. तळाशी असलेला विचार असा, की पाच-सहा महिने सातत्याने चांगले खेळलेल्या संघाचे नशीब एकाच वाईट दिवसावर अवलंबून राहू नये.

आठ संघांसाठी हीच कल्पना दुहेरी करावी लागते, आणि ती २०१६ साली होती त्या रूपात २००० सालापासून वापरात आली. पहिल्या आठवड्यात पहिला संघ चौथ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी खेळतो. या दोन सामन्यांना क्वालिफाइंग फायनल म्हणतात. यात जो जिंकतो त्याला एक आठवडा विश्रांती मिळते आणि तो थेट तिसऱ्या आठवड्यातल्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये, तीही यजमान म्हणून, पोहोचतो. जो हरतो तो बाद होत नाही. त्याच आठवड्यात पाचवा संघ आठव्याशी आणि सहावा सातव्याशी खेळतो. हे एलिमिनेशन फायनल, आणि इथे हरणाऱ्याचा हंगाम त्या रात्रीच संपतो. दुसऱ्या आठवड्यातल्या सेमी फायनलमध्ये क्वालिफाइंगमध्ये हरलेले दोन संघ एलिमिनेशनमध्ये जिंकलेल्या दोघांशी भिडतात. आपल्या नेहमीच्या समजुतीप्रमाणे उपांत्य सामना म्हणजे अंतिम सामन्याच्या अगोदरचा, पण इथे सेमी फायनलनंतर प्रिलिमिनरी फायनल येते आणि तिथले दोन विजेते ग्रँड फायनल खेळतात. चार आठवडे, एकूण नऊ सामने.

यातून दोन अगदी वेगळे मार्ग तयार होतात. पहिल्या चारांतला संघ तीन विजयांत अजिंक्य होऊ शकतो, आणि एकदा हरूनही होऊ शकतो. पाचव्या ते आठव्या क्रमांकाच्या संघाला मात्र सलग चार सामने जिंकावे लागतात, तिसरा आणि बहुधा दुसराही प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच्यासमोर उभा असलेला संघ आठवडाभर विश्रांती घेऊन आलेला असतो. ही वाट नियमाने उघडी होती, व्यवहारात बंद होती. २००० पासून २०१५ पर्यंत सोळा हंगामांत पहिल्या चारांबाहेरचा एकही संघ ग्रँड फायनलपर्यंतसुद्धा पोहोचला नव्हता. ॲडलेडने १९९८ साली पाचव्या क्रमांकावरून अजिंक्यपद मिळवले होते खरे, पण तेव्हाची बाद फेरीची रचना वेगळी होती.

योगायोग असा, की आयपीएलमध्येही अवघड वाटेने जिंकण्याचे वर्ष २०१६ च होते. सनरायझर्स हैदराबादचा संघ तिसऱ्या क्रमांकावर राहून एलिमिनेटर, दुसरा क्वालिफायर आणि अंतिम सामना असे तिन्ही जिंकून गेला आणि मेमध्ये बंगळुरूला विजेता ठरला. बुलडॉग्जपुढची वाट त्याहून एका सामन्याने लांब होती.

आता त्या वर्षीचा गुणतक्ता पाहू, कारण सातवा हा शब्द इथे थोडा फसवा आहे. सिडनी, जीलाँग आणि हॉथॉर्न या पहिल्या तिघांचे प्रत्येकी १७ विजय होते. ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्स, ॲडलेड आणि वेस्ट कोस्ट ईगल्स या पुढच्या तिघांचे प्रत्येकी १६. सातव्या बुलडॉग्जचे १५. आठव्या नॉर्थ मेलबर्नचे मात्र १२ च. म्हणजे पहिल्या आणि सातव्या संघात अवघ्या दोन विजयांचे अंतर होते, आणि खरी दरी सातव्याच्या खाली होती. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या संघांचे गुण तंतोतंत सारखे असताना केवळ टक्केवारीवर जायंट्सना दुसऱ्या संधीचे कवच मिळाले आणि ॲडलेड व वेस्ट कोस्टला मिळाले नाही. ॲडलेडने तर साखळीच्या शेवटच्या फेरीत घरच्या मैदानावर वेस्ट कोस्टकडून हार पत्करून आपले पहिल्या चारांतले स्थान घालवले होते. तिसऱ्या क्रमांकावरच्या हॉथॉर्नची टक्केवारीही १२० च्या खाली होती. इतके सामने जिंकणाऱ्या संघाची टक्केवारी एवढी कमी असते तेव्हा त्यातले बरेच विजय थोडक्या फरकाचे असतात. २०१३, २०१४ आणि २०१५ असे सलग तीन वर्षे अजिंक्य ठरलेल्या या संघाची ताकद ओसरू लागली आहे, हे आकडे सांगतच होते.

बुलडॉग्जचे १५ विजय कोणत्या परिस्थितीत आले हेही लक्षात घ्यायला हवे. कर्णधार बॉब मर्फीच्या गुडघ्याचा अस्थिबंध हंगामाच्या तिसऱ्याच फेरीत फाटला आणि त्याचे वर्ष तिथेच संपले. जुलैमध्ये एकाच सामन्यात मिच वॉलिसचा पाय मोडला आणि जॅक रेडपाथचा गुडघा गेला. अनेक प्रमुख खेळाडू आळीपाळीने बाहेर बसत होते. साखळीच्या शेवटच्या फेरीत पर्थला जाऊन हा संघ फ्रीमँटलकडून हरला, आणि फ्रीमँटल त्या वर्षी तक्त्याच्या तळाजवळचा संघ होता. त्या दिवशी बुलडॉग्जवर कोणी पैज लावली नसती.

इथे तो रिकामा आठवडा येतो. २०१५ च्या शेवटच्या साखळी फेरीत फ्रीमँटल आणि नॉर्थ मेलबर्न यांनी बाद फेरीच्या तयारीसाठी आपले बरेचसे प्रमुख खेळाडू एकदमच बसवून ठेवले होते. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांचा त्यामुळे विरस झाला आणि स्पर्धेच्या प्रामाणिकपणाविषयीही प्रश्न उभे राहिले. यावर तोडगा म्हणून लीगने २०१६ पासून साखळी आणि बाद फेरी यांच्यामध्ये एक आठवडा सर्वांनाच सुट्टी दिली, म्हणजे विश्रांतीसाठी शेवटचा साखळी सामना वाया घालवण्याचे कारण कोणाला उरू नये. हेतू चांगला होता, परंतु जखमी खेळाडू सर्वांत जास्त असलेल्या संघाला या सुट्टीचा लाभही सर्वांत जास्त होणार, हे उघड होते. बुलडॉग्जचे टॉम लिबेराटोरे आणि जॅक मॅक्रे हे मधल्या फळीतले दोघे महत्त्वाचे खेळाडू त्या आठवड्यामुळे परतू शकले.

बाद फेरीची सुरुवात ८ सप्टेंबरला, गुरुवारी रात्री, पर्थमध्ये झाली. समोर वेस्ट कोस्ट, म्हणजे आदल्या वर्षीचा उपविजेता, आपल्या घरच्या मैदानावर, जिथे पाहुण्या संघांना देशाचा सारा पसारा ओलांडून यावे लागते. मात्र त्यांचा नीक नैतानुई हा उंचापुरा खेळाडू, जो चेंडू हवेत उडवला जाताच उडी मारून तो आपल्या बाजूकडे ढकलण्याचे काम करतो, गुडघ्याच्या दुखापतीने आधीच बाहेर गेला होता. बुलडॉग्जने हा सामना १४.१५ (९९) विरुद्ध ७.१० (५२) असा ४७ गुणांनी जिंकला. फरकाइतकीच पद्धत बोलकी होती: चेंडूभोवती गर्दी करायची, प्रतिस्पर्ध्याला दाबून टाकायचे आणि झटपट हाताने पास देत त्या गर्दीतून चेंडू बाहेर काढायचा. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने दोन वर्षांत या संघाला शिकवलेला खेळ तो हाच, आणि पुढचे तीन सामने त्याच बळावर जिंकले गेले.

दुसऱ्या दिवशी मेलबर्नमध्ये जीलाँगने हॉथॉर्नला ८५ विरुद्ध ८३ असे हरवले. गोल दोघांचेही बारा. फरक पडला तो फक्त बिहाइंडचा, जीलाँगचे तेरा, हॉथॉर्नचे अकरा. खेळ संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा चेंडू हॉथॉर्नच्या आयझॅक स्मिथच्या हाती होता आणि नियमानुसार त्याला ती किक मारता येणार होती. ती मधल्या खांबांमधून गेली असती तर हॉथॉर्न जिंकला असता आणि थेट प्रिलिमिनरी फायनलमध्ये गेला असता. ती गेली नाही. जीलाँग दुसऱ्या क्रमांकावर असूनही हा सामना मेलबर्न क्रिकेट मैदानावर, म्हणजे हॉथॉर्नच्या नेहमीच्या मैदानावर झाला, कारण जीलाँगचे स्वतःचे मैदान अशा सामन्याच्या गर्दीला अपुरे पडते. यजमानपदाचा हक्क कागदावर असणे आणि प्रत्यक्ष आपल्या गवतावर खेळणे या निराळ्या गोष्टी आहेत.

शनिवारी सिडनीत शहरातल्याच दोन संघांची गाठ पडली आणि अवघ्या पाच हंगामांचे वय असलेल्या, पहिल्यांदाच बाद फेरीत आलेल्या जायंट्सनी अव्वल क्रमांकाच्या स्वान्सना ८१ विरुद्ध ४५ असे नमवले. त्याच सामन्यात जायंट्सचा अनुभवी खेळाडू स्टीव्ह जॉन्सनने सिडनीच्या जॉश केनेडीला बेकायदेशीर धडक दिली आणि त्याच्यावर एका सामन्याची बंदी आली. ती बंदी पुढे प्रिलिमिनरी फायनलला लागू झाली. ॲडलेडने नॉर्थ मेलबर्नला ६२ गुणांनी सहज हरवले.

दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या संधीचे दोन्ही अर्थ दिसले. सिडनीने ती पुरेपूर वापरली आणि ॲडलेडला ११८ विरुद्ध ८२ असे हरवून स्पर्धेत परतला. हॉथॉर्नला ती वापरता आली नाही. १६ सप्टेंबरला बुलडॉग्ज पूर्वार्धात मागे पडले होते, पण मध्यंतरानंतर त्यांनी गोलांची रांग लावली आणि १०७ विरुद्ध ८४ असा सामना जिंकला. सलग चौथ्या अजिंक्यपदाची हॉथॉर्नची आशा तिथे संपली, आणि सॅम मिचेल व जॉर्डन लुईस या त्यांच्या दोन दिग्गजांचा त्या क्लबसाठीचा तो अखेरचा सामना ठरला. एका आठवड्यापूर्वीची स्मिथची ती किक आत गेली असती तर बुलडॉग्जला त्या शुक्रवारी हॉथॉर्नऐवजी जीलाँगशी खेळावे लागले असते, आणि पुढचे सगळेच वेगळे झाले असते.

२४ सप्टेंबरची प्रिलिमिनरी फायनल हा माझ्या मते या साऱ्या मालिकेतला सर्वोत्तम सामना. तो सिडनीच्या पश्चिमेकडील जायंट्सच्या छोट्या मैदानावर, सुमारे बावीस हजार प्रेक्षकांपुढे झाला. दोन्ही संघांचे नाते गुंतागुंतीचे होते. २०१४ च्या हंगामानंतर बुलडॉग्जचा तेव्हाचा कर्णधार रायन ग्रिफेन क्लब सोडून जायंट्सकडे गेला, त्याच सुमारास प्रशिक्षकानेही राजीनामा दिला आणि क्लब अक्षरशः उघड्यावर पडला. ग्रिफेनच्या बदल्यात टॉम बॉइड हा तरुण, उंच आक्रमक खेळाडू मोठ्या आणि दीर्घ करारावर बुलडॉग्जकडे आला. जायंट्सचा सहकर्णधार कॅलन वॉर्ड हादेखील मूळचा बुलडॉग्जचाच. त्या संध्याकाळी ही सगळी माणसे एकमेकांसमोर उभी होती.

बुलडॉग्जच्या पाठीवर इतिहासाचेही ओझे होते. १९६१ नंतर त्यांनी ग्रँड फायनल पाहिलीच नव्हती. १९८५, १९९२, १९९७, १९९८, २००८, २००९ आणि २०१० अशा सात वेळा हा संघ प्रिलिमिनरी फायनलपर्यंत येऊन हरला होता. १९९७ साली तर मध्यंतराला ३१ गुणांची आघाडी घेऊनही ॲडलेडकडून दोन गुणांनी. जायंट्ससमोरचा सामना हेलकावे खात राहिला. शेवटच्या सत्रात जायंट्स पुढे गेले, बुलडॉग्जनी अंतर कापले, आणि अखेरीस जॅक मॅक्रेच्या गोलने ते पुढे गेले. उरलेली मिनिटे चेंडूवर अंग टाकण्यात गेली. निकाल होता १३.११ (८९) विरुद्ध १२.११ (८३). बिहाइंड दोघांचे समसमान अकरा. साऱ्या सामन्यातून उरला तो एकच गोल. ज्या मॅक्रेने तो मारला, तो रिकामा आठवडा नसता तर पर्थच्या सामन्यातच खेळू शकला नसता.

आदल्या रात्री मेलबर्नमध्ये सिडनीने जीलाँगला ९७ विरुद्ध ६० असे हरवले होते. म्हणजे क्वालिफाइंग फायनल जिंकून विश्रांतीचे बक्षीस मिळवलेले दोन्ही संघ प्रिलिमिनरी फायनलमध्ये पडले. यावरून ऑस्ट्रेलियात मोठी चर्चा झाली, आणि ती रास्त होती. नव्या सुट्टीमुळे जीलाँग आणि जायंट्स यांना ऑगस्टच्या अखेरपासून सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यापर्यंत केवळ एकच सामना खेळायला मिळाला होता. एका आठवड्याची विश्रांती शरीराला बरे वाटते. पण चार आठवड्यांत एकच सामना खेळलेल्या संघाची लय बिघडू शकते, विशेषतः समोरचा संघ ओळीने जिंकत आलेला असेल तेव्हा. मला हा युक्तिवाद बराचसा पटतो, पण पूर्ण नाही. जायंट्स अवघ्या एका गोलाने हरले आणि त्यांचा जॉन्सन बंदीमुळे बाहेर होता. त्या पराभवाचे खापर केवळ सुट्टीवर फोडणे बुलडॉग्जवर अन्याय करणारे आहे. एवढे मात्र खरे, की पहिल्या चारांना दिलेला फायदा त्या वर्षी नकळत कमी झाला होता.

ग्रँड फायनलच्या आठवड्यात मेलबर्नचा पश्चिम भाग लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांत न्हाऊन निघाला. या क्लबचे मूळ नाव फूट्सक्रे, त्याच नावाच्या कामगारवस्तीतून आलेले. १९२५ साली तो वरच्या लीगमध्ये दाखल झाला आणि नंतर, १९९० च्या दशकात, वेस्टर्न बुलडॉग्ज हे नाव घेतले. १९८९ साली कर्जामुळे तो फिट्झरॉय या दुसऱ्या क्लबमध्ये विलीन करण्याचे ठरले होते, तेव्हा तिथल्या साध्या लोकांनी दारोदार हिंडून वर्गणी गोळा केली आणि क्लब वाचवला. २०१६ च्या विजयाचे मोल त्या भागात इतके का मानले जाते, हे या घटनेशिवाय समजणार नाही: स्टँडमध्ये बसलेल्या कित्येक साठीच्या माणसांनी हा क्लब स्वतःच्या पैशाने टिकवलेला होता. आज टार्नीट, पॉइंट कूक यांसारख्या त्याच पश्चिम उपनगरांत भारतीयांची मोठी वस्ती आहे, मराठी कुटुंबेही त्यात आहेत.

अंतिम सामना बराच वेळ कोणाच्याच बाजूला झुकत नव्हता. दुसऱ्या सत्रात जॉश केनेडीने सिडनीला एकहाती सावरले आणि मध्यंतराला सिडनी दोन गुणांनी पुढे होते. तिसऱ्या सत्राअखेर बुलडॉग्ज आठ गुणांनी पुढे. सिडनीचा सर्वांत धोकादायक आक्रमक लान्स फ्रँकलिन सुरुवातीलाच घोट्याच्या दुखापतीने लंगडत होता, तरी खेळत राहिला. शेवटच्या सत्रात निर्णायक क्षण आला तो त्याच्याच बाबतीत. मैदानाच्या मध्याजवळ चेंडू त्याच्या हाती होता. बुलडॉग्जचा बचावपटू डेल मॉरिसने मागून झेप घेऊन त्याला धरले, चेंडू निसटला आणि टॉम बॉइडकडे गेला. बॉइडने सुमारे साठ मीटरांवरून लांब किक मारली. गोलाच्या तोंडाशी त्या वेळी कोणीच नव्हते. चेंडू टप्पे घेत सरळ मधल्या खांबांमधून गेला. त्यानंतर लियाम पिकेनने आणखी एक गोल केला आणि सामना संपला. बॉइड आणि पिकेन दोघांचेही तीन-तीन गोल झाले. सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक बचावफळीतून धावत चेंडू पुढे नेणाऱ्या जेसन जोहानिसनला मिळाले. अंतिम आकडा १३.११ (८९), आदल्या आठवड्याच्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये केलेला तोच.

सिडनीच्या समर्थकांचा एक आक्षेप नोंदवायलाच हवा. नियमभंगाबद्दल पंचांनी दिलेल्या फ्री किक बुलडॉग्जना वीस मिळाल्या आणि सिडनीला आठ. ही तफावत मोठी आहे. जो संघ चेंडूवर आधी पोहोचतो त्यालाच अडवले जाते आणि म्हणून त्याच्या बाजूने फ्री किक जास्त होतात, हे या खेळात बऱ्याच अंशी खरे आहे. तरीही त्यातले काही निर्णय सिडनीला बोचले असतील तर त्यात नवल नाही.

बक्षीस समारंभात विजयी प्रशिक्षकाला जॉक मॅकहेल पदक दिले जाते. बेव्हरिजने ते स्वीकारले, मग दुखापतीमुळे सामना न खेळलेल्या बॉब मर्फीला व्यासपीठावर बोलावले आणि ते पदक त्याच्या गळ्यात घातले. करंडक मर्फी आणि त्या दिवशीचा कर्णधार ईस्टन वुड यांनी बेव्हरिजसोबत उचलला. मर्फीने पुढे ते पदक परत केले आणि २०१७ च्या अखेरीस, अंतिम सामना खेळण्याची संधी कधीच न मिळता, तो निवृत्त झाला. बॉइडनेही २०१९ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी खेळ सोडला.

अजिंक्यपदानंतरच्याच हंगामात बुलडॉग्ज बाद फेरीतसुद्धा पोहोचले नाहीत. ते दहाव्या क्रमांकावर राहिले. मात्र त्यांनी उघडलेली वाट पुन्हा बंद झाली नाही. २०१९ साली जायंट्स सहाव्या क्रमांकावरून आणि २०२१ साली खुद्द बुलडॉग्ज पाचव्या क्रमांकावरून ग्रँड फायनलला आले, आणि दोघेही तिथे मोठ्या फरकाने हरले. २०२४ साली ब्रिस्बेन लायन्सने पाचव्या क्रमांकावरून येऊन सिडनीलाच ६० गुणांनी हरवले आणि अजिंक्यपद मिळवले. सुट्टीचा आठवडा त्यानंतरच्या बहुतेक हंगामांत कायम राहिला, आणि त्याने पहिल्या चारांच्या हक्काला किती धक्का लागतो हा वादही नव्याने होत राहिला.